न फिरवायचं इंजिन

भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये माझी ओळख ‘सामान झोपवणारा’ अशी आहे. हे नाव मिलवाल्यांनी ठेवलं. ते मिल चालवतात, क्रेनवाले उचलतात, भट्टीवाले वितळवतात. आम्ही, म्हणजे स्टोअरमधला प्रिझर्वेशन सेक्शन, जे आज लागत नाही ते अशा रीतीनं ठेवून देतो की लागेल त्या दिवशी ते जसंच्या तसं उठावं. मोटर, गिअरबॉक्स, पंप, बेअरिंग. भट्टीवाल्याला त्याचं काम पाळी संपायच्या आत दिसतं. आमचं काम चांगलं झालं की वाईट, हे कळायला वर्षं जातात. बरेचदा कळतच नाही.

एक पंप मी उमेदीची बरीच वर्षं सांभाळला. तेल बदललं, गंजरोधक कागद बदलला, दर पावसाळ्याआधी झाकणाची सील तपासली. ज्या लाइनसाठी तो आणला होता ती लाइनच बंद झाली आणि पंप लिलावात भंगाराच्या भावानं गेला. नेणाऱ्यानं झाकण उघडून आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

‘‘बाबूजी, ये तो नया है!’’

‘‘है ना,’’ मी म्हणालो.

त्या दिवशी डबा न उघडता घरी आलो. बायको म्हणाली, ‘‘पंपासाठी उपाशी राहणारा माणूस पहिल्यांदाच पाहून राहिली मी.’’

बाहेरच्या माणसाला वाटतं, ठेवायचं म्हणजे काय, ताडपत्री टाकली की झालं. ताडपत्रीइतकी वाईट वस्तू नाही. तिच्याखाली लोखंडाला घाम येतो. दिवसा तापलेली हवा रात्री गार होते, तिच्यातलं पाणी धातूवर बसतं आणि वर ताडपत्री असल्यामुळे उडून जाऊ शकत नाही. त्यात आमच्या भिलाईची धूळ. ती साधी माती नाही, तिच्यात लोखंडाचाच भुगा असतो. स्मृति नगरात माझ्या गच्चीवर वाळत घातलेली पांढरी चादर संध्याकाळपर्यंत गुलाबी झाक घेते. ही धूळ ओलावा धरून ठेवते आणि जिथं बसते तिथून गंज सुरू होतो. म्हणून वस्तू आधी स्वच्छ, मग कोरडी, मग तेलाचा थर, मग हवाबंद वेष्टन, आणि आत ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या. हे दाणे कोरडे असले की निळे असतात, ओलावा प्यायले की गुलाबी होतात.

या पुड्यांवरून आठवलं. एका पावसाळ्यात त्या इतक्या भराभर संपू लागल्या की मी गोदामाच्या छताला गळती शोधत फिरलो. गळती नव्हतीच. एका सुपरवायझरच्या घरी सत्यनारायणाला गेलो, तर पापडाच्या डब्यात आमची पुडी. वहिनी कौतुकानं म्हणाल्या, ‘‘हे घेऊन येतात ना प्लांटातून. पापड कसे कडक राहतात पहा!’’ मी पापड खाल्ला. कडक होता. दुसऱ्या दिवसापासून पुड्यांना कुलूप लावलं.

आणखी एक रीत सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच आहे. पडून असलेली मोटर दर महिन्याला हातानं थोडी फिरवावी लागते. तिचा दांडा बेअरिंगमधल्या गोळ्यांवर टेकलेला असतो. वर्षभर त्याच गोळ्यांवर भार राहिला तर तिथं बारीक खळगे पडतात आणि मोटर चालू केली की खडखडते. म्हणून दांडा एक फेरी आणि वर पाव फेरी फिरवायचा, नव्या जागेवर खडूनं खूण करायची. प्लांटमध्ये हे काम लोक देवाला दिवा लावावा तसं करतात. माझे भाऊजी, गोपाळराव, रोलिंग मिलच्या मोटर गँगमध्ये खलाशी, म्हणजे अवजड यंत्रं हलवणारे कामगार, होते. त्यांच्या हातची एकही राखीव मोटर कधी खडखडली नाही, असं मिलमध्ये अजून सांगतात. निवृत्त होताना त्यांनी खिशातला खडू परत करायचा राहिला म्हणून गेटवरून उलट पावली जाऊन तो दिला होता.

भाऊजी आणि माझी चुलत बहीण शोभाबाई भिलाईजवळ उतई गावात राहतात. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. भाऊजींनी निवृत्तीच्या पैशातून प्रवासी गाडी घेतली, पेट्रोलवर चालणारी, ड्रायव्हरसकट आठ जणांची. दोन वर्षांत त्यांची नजर गेली. पूर्ण नाही, माणूस ओळखू येतो, मोठं अक्षर वाचता येतं, पण रस्ता दिसत नाही. गाडी विकायची बोलणी चालली तेव्हा शोभाबाई म्हणाली, ‘‘विकायची कावून? मले शिकवा.’’ पन्नाशीला टेकलेली बाई महिनाभर नंदिनी नगरच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी शिकली. तेव्हापासून ती उतईच्या सात बायकांना सकाळच्या पाळीला भिलाईच्या एका दवाखान्यात पोचवते आणि दुपारी परत आणते. कुणी आया, कुणी सफाईवाली, एक नर्स. त्यांची हजेरी अंगठ्याच्या यंत्रावर लागते. गाडी चुकली की अर्धी हजेरी कापली जाते.

गाडीचं ते मॉडेल कंपनीनं बंद केलं. इंजिन तेल प्यायला लागलं, सुटे भाग मिळेनात. अशात दुर्गच्या एका गॅरेजमध्ये त्याच मॉडेलची, मागून चेंदामेंदा झालेली गाडी आल्याचं मला कळलं. इंजिन शाबूत होतं, चालतही होतं. आम्ही इंजिन घेऊन ठेवायचं ठरवलं.

‘‘आताच बसवून टाक ना,’’ शोभाबाई म्हणाली.

‘‘बाई, तुझंवालं अजून वर्षभर चालते. ते मरू दे, मग हे बसवू. तोवर मी असं ठेवतो का तुले नवं वाटन.’’

‘‘वर्षभर ठेवून हे नाही मरणार?’’

‘‘ठेवणं हाच तर माझा धंदा आहे.’’

इंजिन साठवायचं तर त्याची तयारी ते चालू असतानाच सुरू होते. जुन्या तेलात जळल्याचं आम्ल उतरलेलं असतं. ते आत ठेवून इंजिन बंद केलं तर धातू हळूहळू खातं. म्हणून त्या मोडक्या गाडीतच आम्ही जुनं तेल काढलं, चार लिटर ताजं घातलं आणि इंजिन चांगलं गरम होईपर्यंत चालवलं. मग पेट्रोल संपू दिलं, पाणी काढलं, इंजिन उतरवलं. चार सिलिंडरांचे चार प्लग काढून प्रत्येक भोकात दोन मोठे चमचे साठवणीचं जाड तेल सोडलं आणि इंजिन हातानं सावकाश फिरवून ते भिंतींना सगळीकडे लागू दिलं. हे शेवटचं फिरवणं. त्यानंतर प्लगांच्या जागी निळ्या दाण्यांनी भरलेले पारदर्शक प्लग बसवले, हवा आत जायची आणि धूर बाहेर पडायची तोंडं पत्र्याच्या चकत्या लावून बंद केली, लाकडी घोडीवर इंजिन उभं बसवलं, आरपार दिसणाऱ्या गंजरोधक पिशवीत घालून पिशवीचं तोंड चिकटपट्टीनं बंद केलं. वरून एक पाटी बांधली. भाऊजींना वाचता यावं म्हणून तिच्यावर बोटभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं: ‘फिरवू नये’.

भाऊजींनी पाटी डोळ्यांपाशी नेऊन वाचली. ‘‘उलटंच लिवलं बाप्पा.’’

‘‘उलटं नाही, भाऊजी. मोटर वेगळी, इंजिन वेगळं. याच्यात गोळ्यांचे बेअरिंग नाहीत. हे फिरवलं का आतले पिस्टन भिंतीवरचं तेल पुसून घेतात. पुसलेल्या जागी गंज धरते.’’

‘‘हाव,’’ भाऊजी म्हणाले. मला वाटलं, पटलं.

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा असते. प्लांटमधली पूजा आटोपून मी उतईला गेलो. पाऊस नुकताच थांबला होता, भिंतींना ओल होती. शोभाबाईनं गाडीला हार घातला होता. ती म्हणाली, ‘‘आता तुह्यावाल्या इंजिनाले बी कुंकू लाव.’’

मी मागच्या खोलीत गेलो. पिशवीवरची चिकटपट्टी माझी नव्हती. माझी तपकिरी होती, ही पांढरी होती, आणि एकावर एक तीन-चार थर. पट्टी सोडवली. इंजिनाच्या पुढच्या चाकावर खडूच्या खुणा होत्या. एक, दोन, तीन, चार. प्रत्येक आधीच्या खुणेपासून बरोबर पाव फेरी पुढं. निळे दाणे पूर्ण गुलाबी झाले होते.

भाऊजी दारात उभे होते. चेहऱ्यावर शाबासकीची वाट.

‘‘पाहिलं? एकबी महिना चुकवला नाही. पहिल्यांदा फिरतच नव्हतं. आत हवा दबून राहते ना. मग चारी प्लग काढले, का फिरलं मख्खन.’’

‘‘भाऊजी, पाटीवर काय लिवलं आहे?’’

‘‘वाचली ना. पण तू स्टोअरवाला माणूस. तुम्ही लोकं कागद गुंडाळता. मशीन फिरलं नाही का मरते, हे मिलवाल्याले विचार.’’

शोभाबाई कुंकवाची वाटी घेऊन मागं उभी होती. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि वाटी खिडकीत ठेवली.

‘‘काय झालं रे?’’

‘‘पाहा लागेल,’’ मी म्हणालो.

सारवासारव करता आली असती. दाणे बदलायचे, पिशवी बांधायची, म्हणायचं चालते. पण उद्या तिचं चालू इंजिन बंद पडलं आणि हे बसवून धूर ओकायला लागलं, तर सात बायकांची पाळी आणि बाईचा संसार रस्त्यावर उभा राहणार. एका गोष्टीचा मला प्लांटनं कायमचा धडा दिला आहे: राखीव म्हणून ठेवलेली वस्तू बिघडलेली असेल, तर ती नसलेली बरी. नसली तर माणूस दुसरी सोय पाहतो. बिघडलेली असली तर तिच्या भरवशावर बसतो.

पुढच्या रविवारी मी एक उसना कॅमेरा घेऊन गेलो. बारीक लवचिक नळीच्या टोकाला भिंग आणि दिवा असलेला, प्लगच्या भोकातून आत जाणारा. पहिला सिलिंडर स्वच्छ. दुसरा स्वच्छ. चौथ्यात तेल पातळ झालेलं, पण गंज नाही. तिसऱ्याचा प्लग काढायला गेलो तर तो बोटानंच फिरला. त्याच्या पुढं एक ब्रॅकेट आडवा येतो. तिथं पाना नीट बसत नाही आणि भाऊजींना ते दिसलं नव्हतं; प्लग सैल राहून ओली हवा आत गेली होती. तिसऱ्या सिलिंडरात भिंतीवर लाल कडं होतं, बांगडीसारखं.

आता प्रश्न एकच होता. गंज वरवरचा असेल तर घासून निघतो. खाली खड्डा पडला असेल तर सिलिंडर कापून आत नवा नळा, म्हणजे लायनर, बसवावा लागतो. ते मोठं काम. हे ठरवायची मिस्त्री लोकांची साधी परीक्षा आहे: गंज पुसायचा आणि नख वरून खाली ओढायचं. नख अडकलं तर खड्डा आहे.

आम्ही इंजिनाचं डोकं, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवलं. मी कापडानं कडं पुसलं, नख ओढलं. सरकलं. पुन्हा ओढलं. सरकल्यासारखं वाटलं. खरं सांगतो, मला ते सरकायलाच हवं होतं.

‘‘नाही अडकत वाटते,’’ मी म्हणालो.

शोभाबाईनं श्वास सोडला. भाऊजी आतापर्यंत खुर्चीवर बसून होते. मी त्यांना काही बोललो नव्हतो, पण प्लग बोटानं फिरला तेव्हा त्यांनी तो आवाज ऐकला होता. ते उठले.

‘‘सरक.’’

त्यांनी डोळे मिटले. तसंही इतकं बारीक त्यांना उघड्या डोळ्यांनी दिसत नव्हतं. करंगळीचं नख सिलिंडरात घालून ते भिंतीवरून खाली आणलं, इतक्या सावकाश की मला श्वास रोखावा लागला. मग बोट थोडं बाजूला घेऊन पुन्हा. मग पुन्हा. चौथ्यांदा बोट थांबलं.

‘‘अडकते,’’ ते म्हणाले.

‘‘भाऊजी, मी पाहिलं…’’

‘‘अडकते म्हणून राहिलो ना. इथं. आण तुहं बोट.’’ त्यांनी माझं बोट धरून त्या जागी टेकवलं. अडकत होतं. केसाएवढं, पण अडकत होतं.

ते बायकोकडे वळले. ‘‘शोभा, हे म्या केलं. पाटी वाचून केलं.’’

शोभाबाईनं कापड उचलून त्यांच्या हातात दिलं. मग म्हणाली, ‘‘मंग आता दुरुस्त करा. नुसतं सांगून काय होते?’’

आम्ही इंजिनाचा ठोकळा टेम्पोत टाकून औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नेला. तिथला खरादी, म्हणजे लेथवाला, म्हणाला, ‘‘पुरानी गाड़ी है, छोड़ो न भैया, ऐसे ही चला लो.’’ भाऊजी त्याच्या मशीनच्या आवाजाकडे तोंड करून उभे राहिले. ‘‘चलाना नहीं है। रखना है। रखने का काम पक्का लगता है।’’ तिसऱ्या सिलिंडरला लायनर बसला, मूळ मापावर. जुना पिस्टन चालला, रिंगा नव्या घातल्या. खराद्यानं माप सांगितलं तरी भाऊजींनी बोट फिरवल्याशिवाय पैसे देऊ दिले नाहीत.

मग पुन्हा सगळी तयारी. आता इंजिन गाडीत नव्हतं, तेव्हा चालवून गरम करायची सोय नव्हती. सिलिंडरात तेल थोडं जास्त घातलं. ते पसरायला एकदाच फिरवायचं होतं. मी पाना भाऊजींच्या हातात दिला.

‘‘मी?’’

‘‘तुम्हीच. तुमच्यासारखं सावकाश कोणाले जमते?’’

त्यांनी दोन फेऱ्या फिरवल्या आणि पाना माझ्याकडे न देता शोभाबाईकडे दिला. ‘‘हे तुह्या कपाटात ठेव. कुलपात. मी मागितला तरी देऊ नको.’’

‘‘पान्याले कुलूप!’’ बाई हसली. ‘‘तुमच्यावालं काही खरं नाही.’’

‘‘सवय आहे बापा. हात चालते.’’

ही चेष्टा नव्हती. महिनाअखेर आली की त्यांची खरोखर घालमेल होई. शोभाबाई फोनवर सांगायची, ‘‘तुहे भाऊजी खोलीत जाते, पिशवीतून प्लग पाहते, निळे हायेत म्हणते, बाहेर येते. पुन्हा जाते.’’ ज्या हातांनी आयुष्यभर न चुकता एक काम केलं, त्या हातांना ते न करायला सांगणं किती अवघड असतं, हे मला आमच्या खात्यात कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही यंत्रं ठेवायला शिकलो. माणसं निवृत्त केली आणि घरी पाठवून दिली.

उन्हाळा सरता सरता चालू इंजिनानं दम सोडला. दुपारच्या खेपेला, बायकांना उतईत उतरवल्यावर. शोभाबाईचा फोन आला, ‘‘आण तुहा मिस्त्री.’’ त्याच दिवशी जुनं इंजिन उतरलं. दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून मी पहाटे पोचलो. मिस्त्री शेवटचे नट आवळत होता. रात्री पिशवी फाडली तेव्हा दाणे निळेच होते, असं तो म्हणाला. अंगणात सातही बायका आपापले डबे घेऊन उभ्या.

‘‘दीदी, आज गाड़ी जाही का?’’ नर्सनं छत्तीसगढीत विचारलं.

‘‘जाही,’’ शोभाबाई म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. ‘‘जाते ना?’’

मी मान हलवली. तिनं किल्ली फिरवली. इंजिन दोनदा घरघरलं, तिसऱ्यांदा धरलं, आणि मागून असा पांढरा धूर सुटला की शेजारचा म्हातारा बादली घेऊन धावत आला. बायका पदर नाकाला लावून मागं सरल्या. हा धूर साठवणीच्या तेलाचा असतो. तेल जळून जाईपर्यंत निघतो, मग थांबतो. हे मला पाठ होतं. तरी मी वाकून धुराचा रंग पाहत राहिलो. लायनर सुटला असेल तर? रिंग तुटली असेल तर? दोन्हींचा धूर सुरुवातीला असाच दिसतो.

‘‘बंद करू का?’’ शोभाबाई ओरडली.

‘‘नको!’’ भाऊजी बोनेटवर तळहात ठेवून उभे होते, डोळे मिटून. ‘‘चालू दे. जळू दे.’’

धूर पांढऱ्याचा करडा झाला, करड्याचा विरळ झाला. मग मागच्या नळीतून नुसती गरम हवा हलताना दिसली. इंजिनाचा आवाज एकसारखा झाला.

‘‘चारी सिलिंडर बोलून राहिले,’’ भाऊजी म्हणाले आणि हात काढला.

शोभाबाईनं हॉर्न दाबला. ‘‘आता काय आरती पाहिजे का? बसा लवकर, अंगठा लावायचा आहे ना!’’ बायका धडाधड आत शिरल्या. नर्सला डब्यासकट मांडीवर कुणाची तरी पिशवी घ्यावी लागली. गाडी वळणाआड गेली तरी भाऊजी कान लावून उभे होते. मोठ्या रस्त्यावर तिनं गिअर बदलल्याचा आवाज ऐकल्यावर ते वळले.

जुनं इंजिन अंगणात पोत्यावर पडलं होतं, तेलानं काळं झालेलं. भाऊजी त्याच्याजवळ उकिडवे बसले आणि बोटांनी प्लगची भोकं चाचपू लागले.

‘‘आता राखीवमध्ये काय आहे?’’

‘‘काही नाही,’’ मी म्हणालो.

‘‘मंग हे उघडून पाह. रिंगाच गेल्या असतील तर बनते.’’

‘‘उघडू ना. येत्या रविवारी.’’

‘‘तोवर उघडं ठेवतं? या धुळीत?’’ त्यांनी माझ्याकडे तोंड केलं. ‘‘तू स्टोअरवाला माणूस ना बे?’’

मी प्लांटला फोन लावला, उरलेल्या अर्ध्या दिवसाची सुट्टी सांगितली आणि बाह्या वर केल्या.